तळातले नंबर

आमच्या घाटकोपरच्या सोसायटीत गणपतीत हाऊजी खेळतात. यंदा नंबर काढायला कुणाकडे तरी आलेले मालवणचे काका बसले होते. नाव विचारायचं राहूनच गेलं. बाही कोपरापर्यंत दुमडायची, पिशवीच्या तळापर्यंत हात घालून सगळे नंबर ढवळायचे, मग डोळे मिटून एक उचलायचा. दर वेळी तेवढंच सावकाश.

मला फक्त एक नंबर हवा होता. “काका, काढा ना लवकर!” मी ओरडले.

ते हसले. “घाई केली तर वरचेच नंबर येतले गो. तळातल्यांचो काय गुन्हो?”

सगळे हसले, मला मात्र ऑफिसातलं काम आठवलं. मोबाइल ॲपांतली माहिती कुलूपबंद ठेवायला आकड्यांच्या गुप्त किल्ल्या तयार करणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. किल्लीतले आकडे कुणाला ओळखता येता कामा नयेत. आमचे मात्र मूठभर आकड्यांतूनच फिरून फिरून येत होते. मला ते आठवड्यापूर्वीच दिसलं होतं, पण नवं व्हर्जन वेळेवर जायला हवं म्हणून मी बोलले नव्हते.

फुल हाऊस भलतीलाच लागलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या साहेबांना सगळं सांगितलं आणि रिलीज थांबवायला लावलं. मग जागेवर बसले आणि कुर्त्याची बाही कोपरापर्यंत दुमडली.