साडेनऊची कॉफी आणि टोकाला नेलेला जीन

मायकेनच्या पायाला भिंगरी होती. उत्तरेकडच्या थंड देशातल्या ऊमेओ शहरी, जंतूंवर प्रयोग करायच्या त्या जंतुशाळेत चौतीस वर्षं झाली, पण साडेनऊच्या कॉफीला बाई कधी धड टेकली म्हणून नाही. बाकीचे हातातलं काम जिथल्या तिथे टाकून अर्धा तास टेबलाभोवती बसायचे. ही उभ्या उभ्या दोन घोट घेऊन आपल्या जंतूंकडे पळायची. "मायकेनची बाळं रडतायत, जाऊ द्या तिला," असं म्हणून सगळे हसायचे.

ऑक्टोबरात जंतुशाळेचा प्रमुख इंग्वे याने तिला बाजूला घेतलं. "अगं, नव्या पोरांना वाटतं तू त्यांच्यावर रागावलीयस. बस की जरा चार माणसांत." मायकेन बसायला लागली. बसणं म्हणजे तिला शिक्षाच.

आणि तेव्हापासून दीसाचं काम फिसकटलं. दीसा ही पीएचडीची पोर. तिने कॉलऱ्याच्या जंतूतला आजाराचा एक जीन उचलून गुणसूत्राच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला होता. जीन अक्षर न् अक्षर तोच. पण जंतू भराभर वाढत असला की गुणसूत्राची नक्कल एका ठरावीक जागेपासून सुरू होते, आणि पहिली पुरी व्हायच्या आत दुसरी सुरू झालेली असते. त्यामुळे त्या जागेशेजारच्या जीनच्या, आणि हा मुळात तिथलाच, दोन-तीन प्रती होतात, टोकाच्याची जेमतेम एक. म्हणजे टोकाला गेलेल्या जीनचं काम निम्म्यावर यायला हवं. उन्हाळ्यात येतही होतं. आता मूळचा जंतू आणि बदललेला जंतू सारखेच निघत होते, आणि दीसाची दोन वर्षं पाण्यात जायची वेळ आली होती.

नमुने काढायची मायकेन. बोट तिच्याकडेच वळलं.

"वयाचा दोष नाही म्हणत मी," इंग्वे म्हणाला, म्हणजे तेच म्हणाला. "पण खाली काचसामान धुवायच्या खोलीत तुला आराम पडेल. शुक्रवारी ठरवू."

मायकेनची झोप उडाली. स्वतःच्या हातांकडे ती संशयाने बघायला लागली, आणि त्याचीच तिला जास्त चीड आली.

गुरुवारी ती कॉफीला बसली होती. पुढ्यात वेलदोड्याचा पाव तसाच. समोर काचेपलीकडे दीसाच्या जंतूंची पात्रं उबदार झुलत्या यंत्रातून काढून ओट्यावर ठेवलेली, निश्चल. सगळेच तसं करायचे, नमुने कॉफीनंतर; बसायला लागल्यापासून तीही. एकदम मायकेनच्या ध्यानात आलं. थंड पडलेला जंतू वाढायचा थांबतो. अर्धवट नकला पुऱ्या होतात, नवी सुरू होत नाही. मग टोक काय आणि शेजार काय, प्रती सारख्याच!

ती ताडकन उठली.

"बस ना गं," दीसा म्हणाली.

"बसले म्हणूनच तर वाटोळं झालं!"

कॉफी अर्धवट टाकून उठलेलं माणूस तिथे कुणी पाहिलं नव्हतं. तिने नवीन पात्रं लावली आणि ती झुलत असतानाच नमुने काढले. शुक्रवारी आकडे आले. टोकाचा जीन निम्म्यावर.

"दीसाचं काम चोखच होतं," ती इंग्वेला म्हणाली. "दोन महिन्यांचे आकडे माझ्या हाताने बिघडले."

"मीच बसवलं तुला," इंग्वे पुटपुटला.

"हो, तूच. आणि आता खाली पाठवतोयस. टोकाला नेलं की चांगल्या जीनचाही आवाज बसतो, इंग्वे. दीसाने ते जंतूत दाखवलंय. माझ्यावर करून बघू नकोस."

इंग्वेने खाली पाठवायचा विषय तिथेच सोडला.

त्या देशात जीन हलवता येतो, साडेनऊची कॉफी नाही. सोमवारी सगळे टेबलाशी गेले, मायकेन यंत्रापाशी राहिली. आत खायला-प्यायला बंदी. म्हणून इंग्वे तिचा कप आणि पाव घेऊन उंबऱ्याशी येऊन उभा राहिला.

"गार होतेय," तो म्हणाला.

"होऊ दे. अजून वीस मिनिटं आहेत."

तो तिथेच उभा राहिला, वीस मिनिटं.