वातींचे पैसे कोणाच्या नावावर?

कापूस निवडायला बसलं की हात अडकतात आणि तोंड मोकळं राहतं. चार बायकांची तोंडं मोकळी असल्यावर किस्से साठणारच! चारकोपला आमच्या हॉलमध्ये रोज दुपारी आम्ही चौघी वाती वळतो. मी, समोरच्या बिल्डिंगमधली शरयू, मालवणच्या माई आणि कल्पना. फुलवाती, लाखवाती, कापसाची वस्त्रं, सगळं करतो. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. पण ऑनलाइन पैसे कोणत्या कंपनीमार्फत घ्यायचे, हे ठरवताना आमची जी काही धांदल उडाली, ती वाती वळण्यापेक्षा भारी होती.

*

सुरुवातीला पैसे ह्यांच्या फोनवर यायचे. माझं खातं ह्यांच्याबरोबर जॉइंट आणि नंबर ह्यांचा. माणूस फार सरळ. ऑफिसात अनोळखी बाईकडून पैसे आलेले दिसले की घाबरून लगेच परत पाठवायचे! बोरिवलीच्या एका बाईंनी फुलवातींचे पैसे पुन्हा पुन्हा पाठवले, ते पुन्हा पुन्हा त्यांच्याकडेच परत गेले. शेवटी त्यांनी मला फोन केला, "अहो, वाती फुकट वाटायचा नेम केलाय का तुम्ही?"

संध्याकाळी ह्यांना विचारलं तर म्हणाले, "परक्या बाईचे पैसे ठेवून कसे घेणार?"

नवरा म्हणून माझं नशीब थोर! पण धंदा असा कसा चालायचा?

*

मग शरयूने तीन कंपन्या शोधल्या. ती बीकॉम आहे आणि कोणाला घाबरत नाही. पहिल्या कंपनीच्या मुलीला तिने स्पीकरवर घेतलं.

"मॅम, तुमचा मंथली टर्नओव्हर किती?"

"श्रावणातला सांगू की पितृपक्षातला?"

मुलगी जरा गोंधळली. मग म्हणाली, दर महिन्याला भाडं आणि शिवाय प्रत्येक व्यवहारावर थोडे टक्के.

माईंनी हातातली वात खाली ठेवली. "देवाच्या वातीत हेंका कसलो वाटो?"

शरयू हसली, पण तिने नीट समजावलं. कंपनी सोय देते, तर तिचा मोबदला घेणारच. फक्त ज्या महिन्यात आपण वात विकत नाही, त्या महिन्याचं भाडं का भरायचं? झालं, भाडेवाली कंपनी गेली.

*

दोन उरल्या. माई म्हणाल्या, कौल लावूया. त्यांच्या गावी देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. माझा देवावर पूर्ण भरवसा, मी लगेच तबक आणलं. पाकळ्या लावल्या, हात जोडले, गाऱ्हाणं घातलं. कितीतरी वेळ झाला, पाकळी हलेना. तेवढ्यात शरयूने पंखा लावला!

दोन्ही पाकळ्या उडाल्या आणि कपाटाखाली गेल्या.

"काय म्हणाला गं देव?" शरयूने विचारलं.

मी म्हटलं, "म्हणाला, माझ्याकडे दिवे लावायचं काम आहे, हे तुमचं तुम्ही बघा."

आणि खरंच सुचलं. शरयूने दोन्ही कंपन्यांना एकच प्रश्न लिहून पाठवला, की गिऱ्हाइकाचे पैसे अडकले तर आम्ही काय करायचं? एकीकडून मशीनचा मेसेज आला. दुसरीकडून माणसाचा फोन आला आणि तो माईंशीसुद्धा न कंटाळता बोलला. तीच घेतली.

*

खरा पेच पुढेच होता. खातं एकीच्याच नावाचं लागणार. माझ्या खात्याची तऱ्हा सांगितलीच. माईंचं खातं गावाला. शरयूच्या खात्यातून घराचे हप्ते जातात. फक्त कल्पनाचं तिच्या एकटीचं होतं.

"पैसे पाठवताना नाव काय दिसेल?" कल्पनाने विचारलं.

"तुझंच," शरयू म्हणाली.

कल्पनाने मान खाली घातली. तिचे यजमान गेले तेव्हापासून तिचं घर या कामावर चालतं.

"नको गं. व्रताच्या वाती आहेत. नाव बघून कोणी चौकशी केली, ऑर्डरी बंद झाल्या, तर तुमचं नाही, माझं घर बसेल."

मी जन्मभर व्रतं केली. पण माझ्या देवघरात रोज तिचीच वात जळते, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा नीट दिसलं. पण बोलल्या त्या माई.

"पेटताना वात इचारता काय, माका कोणी वळल्यान?"

कल्पनाच्याच नावाचा क्यूआर आला.

*

मुलुंडच्या एक काकू आहेत. फोनवर दर वेळी विचारतात, "सोवळ्यात केल्यात ना?" आवडलं नाही की पुडकं परत. त्यांच्या ओळखीतून आमच्या निम्म्या ऑर्डरी येतात. लाखवातींच्या उद्यापनाची ऑर्डर द्यायला त्या स्वतः घरी आल्या. मी क्यूआरचा बोर्ड पुढे ठेवला. काकूंनी स्कॅन केलं, फोन डोळ्यांजवळ धरला आणि थांबल्या.

"ही कल्पना कोण?"

मी तोंड उघडणार, तोच कल्पना पुढे झाली. "मी, काकू. माझे मिस्टर नाहीत. तुमच्याकडे येतात त्या फुलवाती मीच वळते."

काकूंनी तिच्या कपाळाकडे पाहिलं आणि फोन पर्समध्ये टाकला. शरयूने माझा हात घट्ट धरला. गेली ऑर्डर!

काकूंनी कल्पनाचा हात हातात घेतला. अंगठा उलटा करून बघितला, बोटांची टोकं चाचपली.

"वळताना बोटांना दूध लावतेस का राख?"

"दूध."

"तरीच वाती एवढ्या शुभ्र," काकू म्हणाल्या. पर्समधून फोन काढला, पुन्हा स्कॅन केलं, पैसे भरले. उठता उठता त्यांनी बोर्ड कल्पनाच्या हातात दिला.

"नाव जरा मोठं छापून घे गं. चष्म्याशिवाय वाचता येत नाही."