कानाकडं बोट

इचलकरंजीच्या नजीराचं बोलणं नवऱ्याला कधी ऐकूच जायचं नाही. घरालगतच त्याचा कापड विणायच्या मागांचा कारखाना, ती दारात आली की मौला कानाकडं बोट दाखवायचा, "माग चालू हाय, ऐकू येत न्हाय!" चहाची हाक तेवढी बरोबर ऐकू जायची. तिचे अब्बा शेवटच्या घटका मोजत होते, ते सांगायला ती धावत आली, तेव्हाही त्यानं तेच बोट दाखवलं. ती माहेरी गडहिंग्लजला पोचली ती थेट मयतीलाच.

बावीस वर्षांनी लेकीनं दोघांना अंदमानला फिरायला धाडलं. बेटावरचा डोंगर चढताना वारं नुसतं पिसाटलं होतं. मागं राहिलेला मौला धापा टाकत ओरडला, "नजीरा, थांब की! पाणी!" बाटली तिच्याच पिशवीत होती. शब्दन् शब्द तिला ऐकू आला.

वळून तिनं कानाकडं बोट दाखवलं. "वारं सुटलंय, ऐकू येत न्हाय!"

मग माथ्यावर बसून, त्याच्याकडं बघत, तिनं सावकाश बाटली रिकामी केली.