पंख्याखालचं टेबल

आधीच सांगते, मी डॉक्टर आहे. पुराव्याशिवाय मी कफ सिरपसुद्धा लिहून देत नाही. भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांची तर मी यथेच्छ टर उडवायचे. तरी हे लिहितेय, कारण दुसरीकडे कुठे सांगायची सोय नाही...

सिंगापूरमध्ये मी मुलांच्या किडनीविकारांची फेलोशिप करते. त्यात स्वतःचं संशोधन करावंच लागतं. माझ्या गाईड साठे मॅडम, मूळच्या पुण्याच्या. दर शुक्रवारी लंचला आमची मीटिंग क्लेमेंटी भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मोठ्या मंडईत. मॅडम आधी येऊन पंख्याखालचं टेबल धरायच्या – इथल्या रिवाजाप्रमाणे टिश्यूचं पाकीट ठेवून. पाकिटावर डायनोसॉरचं स्टिकर. आमच्या अभ्यासासाठी रक्त देणाऱ्या पोरांना आम्ही तेच द्यायचो.

"पोरांनी सुई टोचून घेतलीय. उत्तर शोधल्याशिवाय तुझी सुटका नाही हं," मॅडम म्हणायच्या.

मॅडम अचानक गेल्या. हार्ट अटॅक. नवे गाईड म्हणाले, हा विषय सोड, छोटा घे. मी भांडले नाही. अंगात त्राणच नव्हतं.

अभ्यास बंद करत असल्याची मेल पाठवायची होती, त्या शुक्रवारी सवयीने तिथेच गेले. लंचची ऐन गर्दी, आणि पंख्याखालचं टेबल रिकामं. वर टिश्यूचं पाकीट. पाकिटावर डायनोसॉर.

मी पाकीट उचलून उलटसुलट पाहिलं. तेवढ्यात ड्रिंक्स स्टॉलच्या आंटीने दोन चहा आणून ठेवले.

"युअर मॅडम ऑर्डर ऑलरेडी. शी से यू सिट, वेट."

"आंटी... शी पास्ड अवे. लास्ट मंथ."

"चोय! डोन्ट एनीहाऊ से लाह! जस्ट नाऊ शी स्टँड हिअर!" अभद्र बोलल्याबद्दल आंटीने मला झापलंच.

मी बसले. खरं सांगते, भीती नाही वाटली. वेड्यासारखी आशा वाटली. मॅडम, एकदाच सांगा, मेल पाठवू की नको? चहावर साय धरली. कोणी आलं नाही. लंच संपला, मी मेल पाठवली.

स्टिकरचा रोल वॉर्डात पडलेला असतो, कोणीही उचलू शकतं, हे मलाही कळतं. पण ते पाकीट तिथे कोणी ठेवलं? आंटीला कोण दिसलं? आजही सांगता येत नाही. रात्रंदिवस डोक्यात एकच घोळतं – मॅडमनी नुसतं थांबायला सांगितलं होतं. आणि मी लंच संपेपर्यंतच थांबले.

परवा क्लिनिकमध्ये आमच्या अभ्यासातली एक चिमुरडी आली. बाही वर करून विचारते, "डॉक्टर, माय ब्लड हाऊ? यू फाइंड ऑलरेडी ऑर नॉट?"

मी तिच्या हातावर डायनोसॉर चिकटवला. दुसरं काही द्यायला नव्हतंच माझ्याकडे.