मामीचा उखाणा आणि पंख्यांचा कॉम्प्युटर

मी पदवीधर झालो तो माझे मामा भिवा यांच्यामुळे, आणि त्याच पदवीच्या जोरावर मी त्यांना एकदा नखशिखांत पिवळं केलं.

मामा धारूरच्या डोंगरात मेंढरं राखतात. स्वतः चौथीत शाळा सोडली, पण मला कॉलेजपर्यंत शिकवलं. गेल्या वर्षी मामी गेली. तिच्या आवाजाची एकच खूण उरली, माझ्या मोबाईलवरचा एक व्हिडिओ. मामा मेंढरांमागं गेले असताना मी मामीला उखाण्याचा आग्रह केला होता. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात घेतलं होतं म्हणे, पण हलगीच्या दणक्यात मामांना ऐकू आलं नाही. पुढं उभा संसार "अवं" आणि "ऐकलं का" यावरच झाला.

"माजं नाव घेतलं तिनं?" मामी गेल्यावर मी त्या व्हिडिओचं सांगितलं, तेव्हा मामांनी विचारलं.

"घेतलं की."

त्यांनी मोबाईल कानाला लावून बराच वेळ ऐकलं. हल्ली त्यांना कमीच ऐकू येतं. "मेंढरंच वरडायलीत," म्हणाले.

तेव्हाच मी ठरवलं, बीडच्या माझ्या घरी मोठा पडदा, मोठे स्पीकर लावून थिएटरसारखा कॉम्प्युटर जोडायचा. इंटरनेटवर लिहिलं होतं, एकेक भाग पारखून घ्यावा. आता पारखण्यात मामांचा हात कोण धरणार? (हे मेंढ्यांच्या बाबतीत, हे मला उशिरा आठवलं.) मी त्यांनाच दुकानात नेलं.

दुकानदारानं एक लहानसा, बिनपंख्याचा डबा दाखवला. "सर, व्हिडिओ बघायला हा बास. आवाज अजिबात न्हाई."

मामांनी तो एका हातानं उचलला. "ह्यात काय दम न्हाई. असलं कोकरू बाजारातून कुणी आणतंय व्हय?" मग कोपऱ्यातल्या थोराड, जाळीदार कॅबिनेटच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला. "हे घे. हाड मोठं हाय."

"काका, त्याला पंखेच लई हायत."

"असू दे की. जित्राब कोंडलं की दगावतं. वारा पायजे."

मी पदवीधर! मान डोलावली, आणि बीडचा उन्हाळा ध्यानात घेऊन आणखी पंखे बसवायला सांगितले. वर गेम खेळायचं दांडगं कार्डही घेतलं.

"सर, घरात गिरणी टाकायले का?" दुकानदारानं विचारलं.

घरी जोडणी झाली. नवं जित्राब दारात आलं की मामा त्याच्यावर भंडारा उधळतात. मी बटण दाबलं, त्यांनी मूठभर हळद उधळली. पुढच्या पंख्यांनी ती ओढून घेतली आणि मागच्यांनी खोलीभर परत केली. मामा पिवळे, सोफा पिवळा. बायको, सुनीता, चहा घेऊन आली ती दारातच पिवळी झाली.

"अहो, हे बंद कुठं होतं?"

"थांब, आधी मामीला बोलू दे."

जळक्या हळदीचा वास सुटला. पडद्यावर मामी भिंतीएवढी उभी राहिली. तिचे ओठ हलले. मामा कानामागं तळवा धरून बसले होते.

"वारं लई होतं त्या दिशी," ते म्हणाले.

वारं डोंगरातलं नव्हतं, माझ्या पंख्यांचं होतं. मी आवाज वाढवला. मशीन आणखी तापलं, पंखे आणखी घोंगावले. मामीनं पदर तोंडाला लावला आणि व्हिडिओ संपून पडदा काळा झाला.

"ऐकलं का, मामा?"

"ऐकलं की. लई बेस." त्यांनी डोळे पुसले. (हळद गेली म्हणाले.)

निघताना मात्र पायरीवर थांबून त्यांनी सुनीताला हळूच विचारलं, "घेतलं का गं पोरी, तिनं?"

सुनीतानं मला ते सांगितलं, तसा मी जाऊन तो बिनपंख्याचा डबा आणला. त्यावर व्हिडिओ ऐकला. मामांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहिलं:

"ती. मामांस साष्टांग नमस्कार.

आता मशीन गप्प आहे. मामी स्पष्ट ऐकू येते. 'घाटात चरती मेंढरं, वर पाखरांचा थवा, कुंकू माज्या कपाळीचं, धनी माजा...' आणि नेमकं इथं कुणीतरी खो खो हसतं. मेंढरं नाहीत, वारंही नाही. तो मी आहे. तुमचं नाव माझ्या हसण्याखाली गेलं.

पण मी तिथं होतो, मी ते ऐकलंय. तुम्ही या. मशीन बंद ठेवू. तिनं कसं घेतलं, ते तस्सं म्हणून दाखवीन. फक्त मामा, तुमचं नाव आजवर मीही तोंडानं कधी घेतलेलं नाही. मी अडखळेन. तेवढ्यात हसू नका, नाहीतर ते पुन्हा ऐकायचं राहील.

आपला,
दिनकर"