आम्ही गणपतभाऊ देऊन टाकला

बातमी छोट्या रुळांच्या गाडीच्या गार्डनं आणली. रोहण्याच्या स्टेशनावर मी पुलगावला जायला उभा होतो, आर्वीहून गाडी आली, आणि गार्ड खाली उतरून थेट माझ्याकडे आला. "मास्तर, गणपतभाऊ वारला. काल दुपारी, आर्वीत. कावीळ होती म्हणे." मी "अरेरे" म्हणालो आणि गाडीत चढलो. पुलगावला गेलो, शाळेसाठी खडूचे डबे घेतले, दुकानदाराशी खडू फार लवकर तुटतात म्हणून भांडलो आणि परत आलो. आर्वीची वाट धरायची सोडून हे सगळं मी का केलं, ते आज पाच आठवडे झाले तरी मला कळलेलं नाही. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. वर्गात शिकवता शिकवता मी दारापर्यंत जाऊन परत येतो, आणि पोरं एकमेकांकडे पाहतात.

वाचकांपैकी ज्यांनी आमच्या भागातले कबड्डीचे सामने पाहिले असतील, त्यांना गणपतभाऊ सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. काळा, काटकुळा, हात गुडघ्यापर्यंत पोचतील असे. शिक्षण शून्य, अंगठा उठवायचा. पण तो चढाईला निघाला की पलीकडचे सात गडी मागं सरकायचे. इतर गडी दम धरून "कबड्डी कबड्डी" ओरडतात. हा गुणगुणायचा. शेतात एकटा वखर हाकणारा माणूस स्वतःशीच गुणगुणतो ना, तसा. आणि त्या नादात पलीकडच्या एक-दोघांना शिवून, मधली रेघ ओलांडून, हसत परत. मी त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. पायाची पकड मला त्यानंच शिकवली, नाकातून रक्त येईस्तोवर शिकवली. पुढे मी मास्तरकीची नॉर्मलची परीक्षा पास होऊन गावातच मास्तर झालो, संघाचा कॅप्टनही झालो, तेव्हा तो सगळ्यांत मोठ्यानं ओरडला होता, "आता आमचा कॅप्टन शिकेल हाय!" शिकेल म्हणजे शिकलेला. मला तो मास्तर म्हणायचा, पण अरे-तुरे करूनच.

मग त्याचा दम तुटायला लागला. पहिल्यांदा कोणी बोललं नाही. पुलगावच्या सामन्यात मात्र दोनदा असं झालं की तो गड्याला शिवून परत फिरला आणि रेघ दोन पावलांवर असताना गुणगुणणं थांबलं. बाद. सामना गेला. अडतिशीचा माणूस, दिवसभर शेतात राबणारा. दम किती दिवस पुरणार? त्या रात्री परत येताना गाडीत तो एकटाच बोलत होता. गुडघा, धूळ, पंच, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. आम्ही खिडकीबाहेर पाहत होतो.

पंधराच दिवसांत आर्वीच्या एका जिनिंग फॅक्टरीचा मॅनेजर आमच्याकडे आला. त्यांचा नवा संघ होता, पोरं कोवळी होती. त्याला शिकवणारा माणूस हवा होता आणि नावही हवं होतं. गणपतला आमच्याकडे द्या, म्हणाला. फॅक्टरीच्या फाटकावर काम देतो, राहायला खोली देतो. बदल्यात आमचा बबन घ्या. बबन वीस वर्षांचा होता, हरणासारखा पळायचा, आणि त्याचं आजोळ आमच्या गावात होतं, म्हणजे तो परका नव्हता. खरं सांगतो, मॅनेजरचं बोलणं पुरं व्हायच्या आत माझ्या डोळ्यांसमोर हंगामाच्या विजेत्याला मिळणारी ढाल आली होती. आपल्या कॅप्टनकीत गावात ढाल यावी ही हाव मला होती. ती मी आजवर कबूल केली नव्हती, आता करतो.

आमच्या संघाची निवाड्याची एक रीत आहे. कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं, हे तोंडानं बोलायचं नाही. मैदानावर जमायचं. होकार असेल त्यानं मधल्या रेघेच्या शाळेकडल्या बाजूला उभं राहायचं, नकार असेल त्यानं नाल्याकडल्या. ज्याच्याबद्दल निवाडा, त्यानं त्या दिवशी मैदानावर यायचं नाही. कॅप्टन रेघेवर, आणि दोन्हीकडे सारखे झाले तरच त्यानं पाय हलवायचा. बोलून भांडणं होतात म्हणून जुन्या लोकांनी ही सोय केली असावी. पण बोलायचं नाही म्हणजे विचारायचंही नाही, आणि ज्याचा प्रश्न त्यालाच विचारायचं नाही, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि मी तर शिकेल.

त्या दिवशी एक जण सासुरवाडीला गेला होता, म्हणून उरलो सात. तीन शाळेकडे, तीन नाल्याकडे. मी रेघेवर. ऊन उतरत होतं. नाल्याकडच्या तिघांत गणपतभाऊचा चुलतभाऊ होता, तो माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हता. मी बराच वेळ उभा होतो असं मला वाटतं… कदाचित नसेनही. मग मी उजवा पाय शाळेकडे टाकला.

त्याला सांगायचं काम माझ्याकडेच आलं. तो ओसरीवर बैलाची वेसण ओवत बसला होता. मी म्हणालो, "भाऊ, पोरांनी ठरवलं. मी नाल्याकडं होतो, पण एकट्याचं काय चालते?" हे खोटं मी वाटेत जुळवून आणलं होतं, आणि ते तोंडातून इतकं सहज निघालं की मीच दचकलो. त्यानं वेसण ओवून पुरी केली. मग म्हणाला, "पोट्टं चांगलं हाय ते बबन. त्याले डाव्या कोपऱ्यात खेळवजो. उजवीकडं भेते तो." बस, एवढंच. वहिनी आतून पाण्याचा गडू घेऊन आल्या. गडू त्यांनी माझ्यासमोर ठेवला, पण दर वेळेसारखं "बसा भाऊजी" म्हणाल्या नाहीत.

त्या हंगामात आम्ही ढाल आणली. बबनला डाव्या कोपऱ्यात खेळवला होता. तेव्हा निवाडा बरोबर होता की चूक, असं कोणी विचारलं तर मी काय सांगू? बरोबरच होता. संघ म्हातारा होऊ द्यायचा नसतो. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं आहे की आता त्याचा राग येतो.

पुढच्या थंडीत आर्वीच्या संघाशीच गाठ पडली. गणपतभाऊ चढाईला आला, गुणगुणत, आणि थेट माझ्या कोपऱ्याकडे. मी त्याचा घोटा धरला, त्यानंच शिकवला होता तसा. तो पडला, रेघेकडे सरकला, आणि माझ्या हाताला त्याचा दम संपताना कळला. उठून माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पकड बराबर हाय तुही." त्याच सुमारास आपला विदर्भ मध्य प्रदेशातून काढून मुंबई राज्यात घातला गेला होता. सामन्यानंतर चहा पिताना आम्ही सगळे त्यावर तावातावानं बोलत होतो. तो हसून म्हणाला, "तुमी काऊन तापून राह्यले? अदलाबदल झाली. मले तरी कोनं इचारलं होतं?" सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा जास्त.

अखेर मी आर्वीला गेलो ते तेराव्यानंतर. फॅक्टरीच्या मागं त्याची एक खोली, पुढं थोडं अंगण. संघातली पाच-सहा पोरं बसली होती. मी नाव सांगताच ती उठून उभी राहिली. एकानं पाट आणला, दुसरा पाया पडायला वाकला. मी गडबडून म्हणालो, अरे, हे काय? तो म्हणाला, "भाऊ नेहमी सांगत होते तुमचं. सारे तिकडं गेले, एकटा आमचा मास्तर माह्या बाजूनं उभा राह्यला म्हने." मला वाटलं, चला, खोटं टिकलं. वाटलं हे असं, अगदी याच शब्दांत. लाज वाटायला थोडा वेळ लागला.

पोरं गेल्यावर वहिनी चौकटीला टेकून बसल्या.  मग म्हणाल्या, "भाऊजी, एक सांगू? त्या दिवशी आमी पऱ्हाटीची बैलबंडी घेऊन शाळेमागून येत होतो. बाभळीपाशी यायनं बंडी थांबवली. मी म्हनलं चला, तं म्हने थांब, मास्तर रेघेवर हाय, पाहू दे." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुमचा पाय पडलेला आमी दोघांनी बी पाह्यला."

मी विचारलं, "मग पोरांले तसं काऊन सांगत होता तो?"

"मले काय मालूम? मी बी इचारलं होतं. तं म्हने, गावात आपलं कोनी तरी पाह्यजे का नाई?"

मी उठलो. गाडीला अजून दोन तास होते, तरी उठलो. स्टेशनावर फेऱ्या मारत राहिलो. मी त्याच्याशी खोटं बोललो ते त्याच क्षणी त्याला माहीत होतं. तरी तेच खोटं त्यानं उचललं आणि दोन वर्षं जगाला खरं म्हणून सांगितलं. मला वाचवायला? छे. माझं काय अडलं होतं? ते त्याला स्वतःला लागत होतं. नाल्याकडे तिघं होतेच, पण ज्याला आपण पकड शिकवली त्याचा पाय तरी आपल्याकडे पडला, एवढं त्याला हवं होतं. पडला नव्हता, म्हणून त्यानं तो मानून घेतला. या माणसाला एकदा नुसतं विचारलं असतं, भाऊ, तुला काय वाटते? कदाचित तोच म्हणाला असता, द्या मले. कदाचित रडला असता. काहीही झालं असतं तरी ते त्याचं असतं.

त्या पोरांची एक सवय वहिनींनी जाता जाता सांगितली. गणपतभाऊला वाचता येत नसे, म्हणून रविवारी सराव झाला की तो पोरांना मैदानात बसवी आणि एकाला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावी, पहिल्या पानापासून पुरवणीपर्यंत. तो गेल्यावरही पोरांनी ते सोडलेलं नाही.

हा लेख मी तेवढ्यासाठीच रविवारच्या पुरवणीत लिहिला आहे. गाडीनं अंक दुपारी आर्वीला पोचतो, सराव उन्हं उतरल्यावर संपतो. ज्याच्या हाती वाचायचं येईल त्या पोराला माझं सांगणं एवढंच, की मी शाळेकडे पाय टाकला, हे वाक्य गाळू नको. मोठ्यानं वाच.