पोरगा हाय म्हणून मिशा

बायकोच्या ओठावर केस आले तेव्हा आमच्या घरात गूळ वाटला. खोटं वाटेल, पण वाटला.

निपाणीला तंबाखूच्या वखारीत मी पोती उचलायचो. लग्नाला बरीच वर्षं झाली, पोर नव्हतं. त्या साली तिची पाळी थांबली, पोट वर आलं आणि ओठावर काळी लव दिसू लागली. आईनं सुईणीला बोलावलं. सुईणीनं तिचं तोंड उजेडाकडं वळवलं न् हसली.

"पोरगा हाय गं आक्का! आतला गडी लई जोरकस, आईलाच मिशा फोडल्यात!"

झालं. डोहाळे पुरवले, ओटी भरली. पुढं राठ दाढीच आली, आवाज घोगरा झाला. हातपाय काटकीगत, पोट तेवढं वाढायचं. मी म्हटलं, बेळगावला दवाखान्यात दाखवून आणतो.

"ओटी भरल्याली बाई वेस वलांडत न्हाय," आई म्हणाली. "बायकांच्यातलं तुला काय कळतंय रं?"

"आत्याबाई, आत काय हालत न्हाय वो," बायको म्हणाली.

"गरीब हाय लेकरू माझं," आईचं उत्तर तयार.

नऊ महिने सरले, दहावाही सरला. मग मी कुणाला न विचारता तिला मोटारीत बसवलं. बेळगावच्या डाक्टरीणबाईनं पोट चाचपलं आणि माझ्यावरच डाफरली.

"पोर कुठलं? बाईच्या पोटात बीज तयार करणारी जागा असते, तिथं गाठ आहे. ती पुरुषासारखा रस रक्तात सोडते, म्हणून ही दाढी. केस आले तेव्हाच का नाही आणलं?"

काय सांगणार? गूळ वाटत होतो म्हणून?

पोट उघडलं, पण गाठ सगळीकडं पसरली होती. ती वाचली नाही.

तिला गावी आणलं तर भावकीतल्या बायका वाटेवर मोहरी टाकायला लागल्या. पोटुशी गेलेली बाई हडळ होऊन माघारी येते, ती दाणे वेचत वाटेतच अडकावी म्हणून.

"पोर नव्हतं! गाठ होती गाठ!" मी ओरडलो.

"व्हय व्हय," चुलती म्हणाली, "पर रीत हाय बाबा," आणि मूठभर मोहरी आणखी टाकली.

अजून कुणी विचारलं की घरातल्या बायका सांगतात, बाळंतपणात गेली. मी मधे तोंड घालतो, गाठीनं गेली म्हणतो. मग सगळ्या गप्प बसतात, मी उठून जाईपर्यंत.